दीड सूत

माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी ते त्याच्या सदऱ्याच्या काजांकडे बघत. बटण ओढून बसलेलं असेल किंवा काज सैल होऊन सारखं सुटत असेल, तर त्या माणसाशी बोलताना त्यांचं लक्ष लागत नसे. मी पहिल्यांदा त्यांच्यापुढे उभा राहिलो तेव्हा दिवसभर ट्रकमध्ये हादरे खात आलो होतो. अंगभर धूळ, हातात नेमणुकीचा कागद. कागद त्यांनी घेतलाच नाही. माझ्या गळ्याजवळचं बटण चिमटीत धरून हलवून पाहिलं आणि म्हणाले, "ओसियरबाबू, हे काज फाटून राह्यलं. बाईपाशी द्या, शिवून देईल."

बाई म्हणजे त्यांची बायको. तीही त्यांच्याबरोबर त्या रानातल्या तळावर राहायची, कुडाच्या एका खोपीत.

तेव्हा गडचिरोली हा चांदा जिल्ह्यातला नुसता तालुका होता. चामोर्शीच्या पुढे जंगलातला साग बाहेर काढायला सडक होत होती, आणि त्या सडकेवर एका नदीला लोखंडी पूल बांधायचा होता. मी बावीस वर्षांचा ओव्हरसियर. ते पुलाचे फोरमन, वय पन्नाशीच्या पुढे. मूळचे नागभीडकडचे, तरुणपणी रेल्वेच्या कारखान्यात हात बसलेला. मजूर त्यांच्यामागे त्यांना भोकमास्तर म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि त्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं.

पुलाचे गर्डर तुकड्यांत आले होते, कारण त्या वळणांच्या रस्त्यावरून अख्खा गर्डर आणणं शक्यच नव्हतं. उन्हाळ्यात नदीच्या पात्रात बल्ल्यांचं माचाण उभं करायचं, त्यावर तुकडे टोकाला टोक लावून ठेवायचे, सांध्यावर पोलादी जोडपट्ट्या लावायच्या आणि बोल्टांनी आवळायचं. पट्टीतलं भोक आणि गर्डरातलं भोक समोरासमोर आलं तर बोल्ट हाताने आत जातो. नाही आलं तर जात नाही. एवढंच ते काम.

त्यांच्या खिशात बोटाएवढा एक गोल पोलादी तुकडा असे, भोक मापायचा गेज. तो ते कुठेही घालून बघत. दाराच्या कोयंड्यात, बैलगाडीच्या जुवाच्या भोकात, कुदळीच्या नेढ्यात. चामोर्शीच्या बाजारात मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. लोहाराच्या दुकानासमोर ते उकिडवे बसले आणि कुदळीमागून कुदळ उचलून नेढं तपासू लागले. प्रत्येक कुदळीला एकच शब्द, "तिरपं." गिऱ्हाईक गोळा झालं, हसायला लागलं. लोहार बिचारा म्हातारा माणूस. शेवटी तो म्हणाला, "भाऊ, घ्याची नाई तं उठा ना, काऊन माहा धंदा मोडून राह्यले?" हे उठले, पण त्या माणसाची बोहनी बुडाली हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. पुढच्या दुकानात त्यांना एक झारा दिसला. त्याची भोकं एकसारखी होती. तो त्यांनी उजेडाकडे धरून किती वेळ पाहिला! विकत घेतला आणि बाईंना नेऊन दिला. बाईंनी तो खुंटीला अडकवला. तिथे आधीचे चार झारे होते. तळण काढायला घरात तेल नसायचं आणि झारे पाच.

हे सगळं आता सांगताना गमतीचं वाटतं. तेव्हा त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्याला गंमत वाटत नसे.

आडव्या पट्ट्यांची, कठड्यांची भोकं तळावरच हाताने पाडायची होती. एखादं बिघडलं तर ते ओरडत नसत. पांढऱ्या रंगाने त्या लोखंडावर "नाई बसत" एवढंच लिहीत, आणि त्या दिवशी जेवत नसत. बिघडवणाऱ्याने जेवावं, त्याला मनाई नव्हती. पण फोरमन समोर दगडावर पाणी पीत बसलेला असताना कुणाच्या घशाखाली भात उतरणार? पहिल्या महिन्यात मजुरांना लाज वाटायची. दुसऱ्या महिन्यात राग यायला लागला. ते जेवत नाहीत म्हणून बाईही जेवत नसत, हे मला फार उशिरा कळलं. एकदा लागोपाठ तीन दिवस भोकं बिघडली, आणि तिसऱ्या दिवशी बाई चुलीपाशी भोवळ येऊन पडल्या. यांनी त्यांना उठवून बसवलं, पाणी पाजलं, कपाळावर ओला फडका ठेवला आणि परत माचाणावर निघून गेले. म्हणून त्यांना कुणी माझ्यासमोर साधू म्हटलं तर मी गप्प राहतो.

त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत. एकच नाव लक्षात होतं, सोमाजीचं.

सोमाजी हा जवळच्या गावचा ढीवर. त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या नदीत आणि तळ्यात मासे धरायचं काम. उन्हाळ्यात पाणी आटलं की मजुरीला यायचा. चाळिशीचा, काटकुळा, कमी बोलणारा. हाताने फिरवायच्या ड्रिलवर त्याला बसवलं आणि फोरमनना जन्मात पहिल्यांदा मनासारखा माणूस मिळाला. त्याची घाई नसायची, दम लागायचा नाही, हात हलायचा नाही. दिवस दिवस गळ धरून बसलेल्याचा हात तो. त्याच्या भोकात गेज घातला की फोरमन मान डोलवत आणि रंगाने लिहीत, "बसते." दुसऱ्या कुणाच्या कामावर हा शब्द पहिल्या खेपेला लिहिलेला मी पाहिला नाही.

वैशाखात पहिला गर्डर माचाणावर चढला, पट्ट्या लावल्या आणि कळलं की कारखान्यातच चूक झालेली आहे. पट्टीचा अर्धा भाग एका तुकड्यावर चपखल बसत होता. दुसऱ्या अर्ध्या भागातलं प्रत्येक भोक दीड सूत पुढे सरकलेलं. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. ज्याने खुणा केल्या त्याने चुकीच्या कडेपासून मोजलं असणार. अर्धा सूत असता तर रीमर फिरवून भोक जरासं मोठं करता आलं असतं, आणि हे फोरमननीच मला शिकवलं होतं. दीड सुताला तो उपाय नव्हता.

मोठे साहेब चांद्याहून जीप घेऊन आले. त्यांनी गर्डरला फेरी मारली, आभाळाकडे पाहिलं आणि गॅसवाल्याला बोलावलं. "भोकं जाळून लांब करा. बोल्ट घाला. पावसाच्या आत गर्डर खांबांवर बसला नाही तर माचाण वाहून जाईल."

साहेब चुकीचं बोलत नव्हते, हे मी आज सांगतो.

फोरमन म्हणाले, "साहेब, ग्यासनं भोक होत नाई. जखम होते. बोल्ट त्याच्यात हलन."

"हलू द्या. सुरू कर रे."

गॅसवाल्याने ज्योत पेटवली. फोरमन वाकून गर्डरखाली गेले आणि खालून भोकात आपलं बोट घातलं. वर बोटाचं पेर दिसायला लागलं, काळं, तेलकट, नखात लोखंडाचा कीस. खालून आवाज आला, "मार आता."

गॅसवाल्याने साहेबांकडे पाहिलं आणि नळी बंद केली.

साहेबांनी रुमालाने मान पुसली. त्यांना हसू आलं नाही, रागही आला नाही. थकल्यासारखं विचारलं, "तुमचा उपाय सांगा."

उपाय सरळ होता. नागपूरहून कोऱ्या पट्ट्या आणायच्या, गर्डरला शिकंज्यांनी आवळायच्या, मागून गर्डरच्या भोकांतून त्यांच्यावर खुणा उठवायच्या आणि त्या खुणांवर हाताने भोकं पाडायची. पट्ट्या आल्यापासून वीस दिवस.

"लिहून द्या," साहेब म्हणाले. "तुमच्या जबाबदारीवर, असं लिहा."

त्यांनी तळावरच्या कचेरीत बसून लिहून दिलं. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला त्यांचा हेवा वाटला. आपण कशासाठी जगतो हे त्या माणसाला नेमकं माहीत होतं.

पट्ट्या यायला उशीर झाला. आल्या त्या दिवसापासून आठ माणसं ऊन तापेपर्यंत आणि ऊन कलल्यापासून ड्रिल फिरवत होती. सतरा दिवसांत सगळ्या पट्ट्या झाल्या, एक सोडून. ती सोमाजीकडे होती. पण सोमाजीचं लक्ष उडालं होतं. तो ड्रिल थांबवून पात्रात उतरायचा, पाण्यात हात घालून उभा राहायचा.

"भाऊ," तो एका सकाळी फोरमनना म्हणाला, "पानी गार लागून राह्यलं. वरतं कुठीतरी पडून राह्यलं. यंदा नदी लवकर येते."

आमच्यावर ढगाचा ठिपका नव्हता. फोरमन पट्टीवरून मान न उचलता म्हणाले, "नदीचं तू पाय, भोकाचं मी पायतो."

त्याच दिवशी सोमाजीची दोन भोकं हुकली. अर्धा सूत.

फोरमननी गेज घातला, काढला, परत घातला. मग रंगाचा डबा मागवला. मी म्हणालो, "भाऊ, अर्धाच सूत आहे. रीमर फिरवला की झालं. तुम्हीच सांगितलंय."

"दुसऱ्याचं असतं तं फिरवला असता," ते म्हणाले. "सोमाजीचं नाई. त्याले येते."

आणि त्यांनी लिहिलं, "नाई बसत." राखीव म्हणून आणलेली एक कोरी पट्टी होती. ती सोमाजीसमोर ठेवली. चार दिवसांचं काम. सोमाजीने ड्रिल उचललं. त्याला घरी जाऊन डोंगा आणि जाळी वर ओढून ठेवायची होती, हे त्याने मला नंतर सांगितलं, फोरमनना नाही. त्या दिवशी फोरमन जेवले नाहीत आणि सोमाजीही जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नदी आली. आभाळ निळं होतं. आधी पात्रातल्या खडकांमधून वाळकी पानं आणि फेस वाहत आला, मग पाणी तांबडं झालं, आणि बघता बघता माचाणाच्या बल्ल्यांना गुडघाभर लागलं. आम्ही सगळे काठावर आलो. सोमाजी आपलं ड्रिल खांद्यावर घेऊन आला, सगळ्यांच्या शेवटी. मजूर वरच्या बाजूला दोर ओढायला धावले होते. काठावर मी होतो, सोमाजी होता, आणि वीसेक पावलांवर फोरमन, अर्धवट पट्टीवर गोणपाट टाकत.

तेव्हा मला आठवलं की माझी लेव्हल माचाणावर राहिली आहे. लेव्हल म्हणजे उंचसखल मापायची सरकारी दुर्बीण, माझ्या सहीवर मिळालेली. आदल्या संध्याकाळी टाचेला फोड आला म्हणून मी ती पेटी तिथेच ठेवून उतरलो होतो. ती गेली तर माझी नवी नोकरी गेली, एवढंच मला दिसलं.

"सोमाजी, माझी पेटी राहिली वर. घेऊन ये पटकन."

त्याने पाण्याकडे पाहिलं. "पानी चढून राह्यलं, बाबू."

"म्हणून तर म्हणतो. तू नदीतला माणूस."

तो गेला. धोतर वर खोचलं, ड्रिल माझ्या पायाशी ठेवलं आणि गेला. माचाणावर चढला, पेटी डोक्यावर घेतली. मी हात हलवून त्याला घाई करत होतो. वरून एक अख्खं झाड मुळांसकट वाहत आलं आणि बल्ल्यांना आडवं लागलं. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. माचाण गुडघ्यात मोडल्यासारखं खाली बसलं, गर्डर कुशीवर वळला आणि सगळं पाण्यात गेलं.

सोमाजीला दोन दिवसांनी त्याच्याच भावकीने खालच्या डोहात जाळं टाकून काढलं. त्याची बायको काठावर बसून होती. ती रडत नव्हती. जाळं ओढणाऱ्यांना ती सांगत होती, "धीरानं ओढा, लागन त्याले."

साहेब आले. जबाब लिहायला मीच बसलो, कारण अक्षर माझं चांगलं होतं. भोकं कशी चुकली, फोरमनने गॅसला कसा नकार दिला, वीस दिवस स्वतःच्या जबाबदारीवर कसे मागून घेतले, तयार होत आलेली पट्टी कशी बाद केली, हे सगळं मी लिहिलं आणि ते सगळं खरं होतं. मग लिहिलं की नदीला पूर आलेला असताना फोरमनने ड्रिलं आणण्यासाठी सदर मजुरास माचाणावर पाठवले. माझं अक्षर त्या ओळीतही चांगलंच आलं आहे.

कागद सहीसाठी फोरमनपुढे गेला. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. मी खिडकीबाहेर बघत होतो. सोमाजी पेटी डोक्यावर घेऊन उभा होता तेव्हा हा माणूस वीस पावलांवर होता. कागद उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "इथी चुकलं."

साहेबांनी विचारलं, "काय चुकलं?"

"दोन सूत लिहून राह्यले. दीड सूत होतं."

त्यांनी माझ्या हातातून टाक घेतला, "दोन" खोडलं, वर "दीड" लिहिलं, शेजारी छोटी सही केली, आणि खाली मोठी.

त्यांना त्याच आठवड्यात काढून टाकलं. बाईंनी खोपीतलं सामान एका बैलगाडीत भरलं. पुढे कुठल्याही पुलावर त्यांना कुणी उभं केलं नाही. माणूस मारलेला फोरमन अशी त्यांची ख्याती माझ्या अक्षरातून सगळीकडे पोचली होती. मला मात्र दुर्बीण वाहून गेल्याबद्दल कुणी एका शब्दानेही विचारलं नाही. पुरात एवढा गर्डर गेला, तिथे पेटीचं काय!

पुढच्या उन्हाळ्यात नवा गर्डर आला, नवा फोरमन आला. भोकं पुन्हा चुकलेली होती, या खेपेला एक सूत. नव्या फोरमनने गॅस मागवला. चार दिवसांत जोड झाला, सातव्या दिवशी गर्डर खांबांवर होता. देखरेखीची सही माझी. त्या भोकांत बोल्ट घालताना माझ्या मनात आलं होतं की हा पूल पडेल. पडावा असंही मनात आलं होतं, ते कबूल करतो. पूल पडला नाही. सागाचे ओंडके लादलेले ट्रक त्यावरून जायला लागले, आणि मला बढती मिळाली.

तीन वर्षांनी मी नागभीडला गाडी बदलायला उतरलो. दुसऱ्या गाडीला वेळ होता. स्टेशनजवळ चहा पिताना कुणीतरी बोलता बोलता सांगितलं की ते इथल्याच एका धानाच्या गिरणीत मिस्त्री आहेत. मी गेलो. का गेलो, याचं उत्तर चांगलं नाही. मनावरचं ओझं त्यांच्या दारात टाकून मोकळं व्हायचं होतं, दुसरं काही नाही.

ते गिरणीच्या मागच्या पडवीत बसले होते, कोंड्याने पांढरे झालेले. बाई त्यांची भाकर घेऊन आल्या होत्या. मला पाहून त्या उठल्या नाहीत, नुसतं "बसा, भाऊ" म्हणाल्या.

मी बसलोही नाही. उभ्या उभ्या म्हणालो, "भाऊ, सोमाजीला मी पाठवलं होतं. माझ्या पेटीसाठी."

"माहीत हाये. मी पायलं ना."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"काय बोलू?" त्यांनी हातावरचा कोंडा झटकला. "त्या दिवशी सोमाजी तिथी होता काऊन? अर्ध्या सुतासाठी. मी ठेवलं त्याले. ग्यास मारू देल्ला असता तं वीस दिवस आधीच आपल्या घरी गेला असता. तुमची पेटी तं मंग आली, बाबू."

मी शिवी खायच्या तयारीने आलो होतो. त्यांनी माझा गुन्हासुद्धा माझ्या नावावर राहू दिला नाही.

मग त्यांनीच विचारलं, "पूल झाला म्हन्तेत."

"झाला."

"भोकं कशी आलती?"

"चुकलेलीच. एक सूत."

"मंग?"

"गॅसने केली."

त्यांनी भाकर हातात घेतली. "कितीक दिवस लागले?"

"चार."

"अन् आता? बोल्ट हलून राह्यले असतील."

"नाही. दर पावसाळ्यानंतर मीच बघतो. एकही हललेला नाही."

"गाड्या जातेत?"

"रोज. भरलेल्या."

त्यांनी हातातली भाकर फडक्यावर ठेवली, गुडघ्यावर हात देऊन उठले आणि गिरणीच्या अंधारात निघून गेले. आत पट्टा फिरत होता, त्याच्या आवाजात त्यांची पावलंही ऐकू आली नाहीत. मी वाट पाहिली. ते परत आले नाहीत.

बाईंनी फडकं बांधलं, डबा आवरला. मी निघायला वळलो तेव्हा त्या मान वर न करता म्हणाल्या, "एवढं तरी खोटं सांगाचं होतं ना, भाऊ. खोटं तं येते तुमाले."